वाऱ्याचा आडोसा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणत. सेमिनरीत जाण्यापूर्वी त्या किताबाची भुरळ आम्हालाही पडली होती. १९९१ साली एका मित्रासह आम्ही पनवेलहून सरावास निघालो.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ वारा कापण्यातच खर्ची पडते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर राखून राहिल्यास श्रम सुमारे ३० टक्क्यांनी वाचतात. म्हणून पाळीपाळीने पुढे व्हावे, हा हौशी स्वारांचा अलिखित करार. आम्ही मात्र दम लागल्याचे सोंग करून खोपोलीपर्यंत मित्राच्याच आडोशाला राहिलो.

घाटात वेग मंदावतो. तेथे आडोसा फारसा कामी येत नाही, उरलेले बळच कामी येते. मित्राचे बळ सरले होते. आम्ही त्याला मागे टाकून खंडाळा गाठला.

बऱ्याच वेळाने तो धापा टाकीत आला. पाण्याची बाटली प्रथम आमच्यापुढे धरून म्हणाला, "घे, तुला दम लागला होता ना?"

त्या शब्दांत उपहासाचा लवलेशही नव्हता. आम्ही मुकाट्याने पाणी प्यालो.

आयुष्यभर इतरांचे कबुलीजबाब ऐकले. त्या मित्रापाशी आमचा स्वतःचा मात्र अद्याप राहूनच गेला आहे.