पुढच्या मोसमात

हल हे गाव मराठी वाचकाच्या ओळखीचे असण्याचे काही कारण नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला हंबर नावाची मोठी खाडी आहे. तिचे पाणी दुधाच्या चहासारखे, आणि तिच्या काठी हे बंदर. टेकडी म्हणून औषधाला सापडायची नाही. डिसेंबरात दुपारी पावणेचारला दिवस मावळतो आणि खाडीवरचे धुके घराच्या दारापर्यंत येते. आमच्या ह्यांना इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो, त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात इथल्या लोकांची एक विद्या मी जवळून पाहिली, ती म्हणजे वाट पाहणे. वाट कशाची, तर फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या रग्बीच्या मोसमाची.

मी दादरच्या चाळीत वाढले, तेव्हा खेळ म्हणजे क्रिकेट. दोन्हीकडचे धिप्पाड गडी एका लंबगोल चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडताहेत, हा प्रकार पहिल्यांदा टेलिव्हिजनवर पाहिला तेव्हा मी मुलांना तेथून उठवले होते. पुढे कुणीतरी समजावून सांगितल्यावर लक्षात आले की हा तर आपला हुतूतूचाच कुणी लांबचा भाऊ आहे. चेंडू घेतलेला गडी पळतो, समोरचे त्याला कवळा घालून पाडतात, तो उठतो, पायाने चेंडू मागे सारतो, की पुन्हा तेच. अशा सहा संधी; तेवढ्यात काही साधले नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि तरीही पुढे जायचे! संसाराचाही नियम साधारण असाच असल्यामुळे मला तो लवकर कळला.

या खेळाच्या दोन जाती आहेत. पंधरा गड्यांची रग्बी युनियन आणि तेरा गड्यांची रग्बी लीग. हलची रग्बी ती लीगची, आणि तिचा जन्मच मुळी मजुरीच्या भांडणातून झाला. गेल्याच्या गेल्या शतकात उत्तर इंग्लंडात खेळणारे गडी खाणींत, गिरण्यांत, गोदीत राबणारे होते. शनिवारी सामना म्हणजे त्या वेळचा खाडा. बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढेच त्यांचे मागणे. दक्षिणेकडच्या सद्गृहस्थांना ते पटेना. पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळ बाटवणे. मग 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. गंमत म्हणजे, बरोबर शंभर वर्षांनी, 1995 च्या ऑगस्टमध्ये, युनियनवाल्यांनीही पैसे घेऊन खेळायला मोकळीक दिली. सोवळे सुटायला एक शतक लागले, इतकेच!

आम्ही आलो तेव्हा लीगचा मोसम हिवाळ्यात असे. चिखलात लोळून दोन्हीकडचे गडी एकाच रंगाचे होत. 1996 साली सुपर लीग निघाली आणि खेळ उन्हाळ्यात गेला. आता फेब्रुवारीत सुरुवात आणि ऑक्टोबरात शेवटचा सामना. त्यामुळे वाट पाहण्याचे दिवस नेमके हिवाळ्याच्या काळोखात आले. माझ्या मते ते बरेच झाले. त्या दिवसांत माणसाला समोर काहीतरी लागते.

हलच्या मधून हल नावाचीच एक लहानशी नदी वाहते आणि तिने गावाची दोन राज्ये केली आहेत. पश्चिमेला हल एफसी, काळा-पांढरा पोशाख, स्थापना 1865. पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स, लाल-पांढरा. बॉयलरच्या कारखान्यातल्या उमेदवार पोरांनी 1882 साली काढलेला. पश्चिमेकडे मासेमारीची वस्ती, पूर्वेकडे गोदीची. पश्चिमेच्या काही घरांत बेकन म्हणे आणत नाहीत, कारण ते लाल-पांढरे दिसते! आपल्याकडे कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांची मला आठवण झाली.

आमच्या शेजारच्या घरात ही दोन्ही राज्ये एका छपराखाली नांदत होती. माझ्या मुलांनी पहिल्या दिवसापासून त्यांना आजी-आजोबा म्हटले, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. आजी पश्चिमेच्या, हेसल रोडवरच्या मासेमाराच्या कन्या. आजोबा पूर्वेचे, गोदीतले. लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला होता. धर्म एक, भाषा एक, कातडीचा रंग एक. नडला तो फक्त सदऱ्याचा रंग. लग्न झाले, घर पश्चिमेला घेतले, आणि आजोबा स्वतःला घरजावई म्हणवून घेत. आजींनी नवऱ्याचे आडनाव घेतले, पण संघ घेतला नाही. गुड फ्रायडेला दोन्ही संघांची गाठ पडते. त्या दिवशी दोघे वेगवेगळ्या बसने जात आणि जिंकलेला चहा करी.

नोव्हेंबरात नव्या मोसमाचे पास निघत, सामन्यांचे वेळापत्रक येई, आणि आजोबांना तरतरी येई. ऑस्ट्रेलियाहून कोण गडी येणार, कुणाचा गुडघा बरा झाला, नव्या सदऱ्याचा पट्टा यंदा रुंद की अरुंद, असल्या बातम्या ते चिप्सच्या दुकानातून गोळा करून आणत. त्या दुकानात पॅटी म्हणून एक पदार्थ मिळतो. उकडलेला बटाटा, त्यात सेजचा पाला, वर पीठ लावून तळलेला. सरळ आपला बटाटेवडा, मिरची-मोहरी विसरलेला! मी त्यांना एकदा खरा वडा करून घातला. खाऊन डोळ्यांतले पाणी पुसत म्हणाले, "हा आमच्या पुढल्या फळीत खेळायला हवा." जानेवारीत सरावाचे सामने झाले, की त्यांचे ठरलेले वाक्य येई: "यंदा नक्की."

रोव्हर्सचे 'यंदा नक्की' म्हणजे काय, हे कळायला मागचा इतिहास हवा. 3 मे 1980 या दिवशी वेम्बलीवर चषकाच्या अंतिम सामन्यात हलचेच दोन्ही संघ समोरासमोर आले. सारे गाव लंडनला लोटले. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावून ठेवली होती, की शेवटी निघेल त्याने दिवे मालवावेत. रोव्हर्सचा कप्तान रॉजर मिलवर्ड जबडा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला आणि रोव्हर्स 10-5 ने जिंकले. त्यांच्याकडून त्या दिवशी क्लाइव्ह सलिव्हन खेळत होता. कार्डिफचा हा कृष्णवर्णी मुलगा. लहानपणी पायावर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, की नीट चालेल की नाही याची डॉक्टरांना शंका होती. तो दोन्ही हलकडून खेळला, दोन्हीकडे शंभरावर ट्राय केल्या, आणि 1972 साली त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटनने विश्वचषक जिंकला. 1985 साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. गावात शिरणाऱ्या हमरस्त्याला त्याचे नाव आहे. या नावापुरते दोन्ही राज्यांत भांडण नाही.

त्याच 1985 साली रोव्हर्सने शेवटचे अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर जे थांबले ते थांबलेच. 2015 च्या चषकाच्या अंतिम सामन्यात लीड्सकडून 50-0. 2016 मध्ये एका गुणाने हरून खालच्या वर्गात रवानगी, आणि त्याच वर्षी पलीकडच्या हल एफसीने वेम्बलीवर पहिल्यांदा चषक जिंकला! आजोबांनी त्या दिवशी मुकाट्याने चहा केला. 2023 मध्ये पुन्हा अंतिम सामना, लीकडून 17-16 अशी जादा वेळेत हार. सामना संपल्यावर ते बराच वेळ टेलिव्हिजनकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "पुढच्या मोसमात."

नोव्हेंबरात त्यांनी पास काढला आणि जानेवारीत ते गेले.

फेब्रुवारीत एके संध्याकाळी आजी आमच्याकडे आल्या. अंगावर कोट, गळ्यात काळा-पांढरा मफलर, आणि हातात आजोबांचा लाल पास. म्हणाल्या, "पैसे भरलेत. वाया कशाला घालवू?" आणि एकट्या पूर्वेला, क्रेव्हन पार्कला, आयुष्यात ज्या मैदानावर फक्त शत्रू म्हणून गेल्या होत्या तेथे, नवऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आजूबाजूच्या माणसांनी मफलरकडे पाहिले, आणि एकाने चहा आणून दिला. त्या वर्षी रोव्हर्स मोसमाच्या अंतिम सामन्यात विगनकडून 9-2 ने हरले. आजींनी नोव्हेंबरात पुन्हा पास काढले, एक काळा, एक लाल.

मी त्यांना एकदा विचारले, एवढी वाट पाहायचा कंटाळा कसा येत नाही? त्यांनी जे सांगितले ते ऐकल्यापासून या खेळाकडे मी निराळ्या नजरेने पाहते. हेसल रोडवरच्या बायका तीन-तीन आठवडे वाट पाहत. पुरुष ट्रॉलर घेऊन आइसलँडच्या पलीकडे, बर्फाच्या समुद्रात जात; तीन दिवस घरी, की पुन्हा तीन आठवडे बाहेर. बोट निघेल त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, नाही तर माणूस वाहून जातो. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर पाठोपाठ बुडाले, 58 माणसे गेली. लिलियन बिलोक्का नावाची तिथलीच एक बाई डोक्याला रुमाल बांधून उठली. तिने दहा हजार सह्या जमवल्या, बायकांना घेऊन लंडनला गेली, मंत्र्यांपुढे उभी राहिली आणि बोटींवर सुरक्षिततेच्या सोयी करायला लावल्या. आजींचे लग्न तेव्हा नुकतेच झालेले. वडील समुद्रावर होते, दुसऱ्या बोटीवर. दोन आठवडे बातमी नव्हती. ते परत आले. समोरच्या घरातला माणूस आला नाही.

"ती वाट मी बघितलीय," आजी म्हणाल्या. "हिच्यात कुणी बुडत नाही. हरलं तर पुढच्या वर्षी परत सगळे गडी उभे. मजाच आहे की!"

2025 साल उजाडले. 7 जूनला वेम्बलीवर शेवटची दोन मिनिटे उरली असताना रोव्हर्स हरत होते. तेवढ्यात टॉम डेव्हिसने ट्राय केली, माइकी लुइसने त्यावरचा गोल मारला आणि वॉरिंग्टनवर 8-6 ने मात झाली. सप्टेंबरात साखळीतले पहिले स्थान. 11 ऑक्टोबरला विगनवर 24-6, आणि एकाच मोसमात तिन्ही मान. चाळीस वर्षांची तहान, आणि एकदम महापूर. पूर्वेकडे म्हातारी माणसे रस्त्यावर रडत होती. काहींनी मफलर नेऊन स्मशानात बापाच्या दगडाला गुंडाळले. आजींना मी विचारले, "तुम्ही टाळ्या वाजवल्या का?" त्या म्हणाल्या, "छे! मी एफसीची. पण रडले मात्र."

त्यानंतरच्या नोव्हेंबरात मात्र एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पूर्वेकडची माणसे जरा गोंधळलेली होती. चिप्सच्या दुकानात एक जण म्हणाला, "आता काय म्हणायचं?" पिढ्यान्‌पिढ्या 'पुढच्या मोसमात' म्हणायची सवय, ते पुढचे मागे पडल्यावर जीभ अडखळणारच. मुलीचे लग्न लागून गेल्यावर मांडवात बाप उभा असतो, तसा त्यांचा चेहरा. पश्चिमेकडचे उलट ताजेतवाने. त्यांचे वाट पाहणे शाबूत होते. पण पंधरा दिवसांत दोन्हीकडे सारखीच चर्चा सुरू झाली, कोण येणार, कोण जाणार, कुणाचा गुडघा. माणसांना पाहिजे होता तो फेब्रुवारी, आणि तो ठरल्याप्रमाणे येणारच होता.

वेळापत्रक आल्यावर आजी ते घेऊन माझ्याकडे आल्या. आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचत गेले आणि त्या दोन पेन्सिलींनी खुणा करत गेल्या, काळी एफसीला, लाल रोव्हर्सला. गुड फ्रायडेपाशी त्या थांबल्या. मागच्या दोन मोसमांत क्रेव्हन पार्कला ही गाठ पडली, की त्या आपल्या माणसांत, पाहुण्यांच्या बाजूला बसत, आणि आजोबांची खुर्ची तेवढी रिकामी राही. ते त्यांच्या मनाला लागले असावे.

पिशवीतून त्यांनी लाल पास काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"त्या दिवशी त्यांच्या जागेवर तू बस. आणि हे बघ, टाळ्या वाजवायच्या हं. ते मला नाही जमत."