लेपाखाली

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या रंगाविषयी लिहावे, ही तशी अनधिकार चेष्टाच. तरीही लिहितो, कारण गेल्या जानेवारीत सलग दोन दिवस पाचोऱ्यातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये गुडघे टेकून मी गाडीला सिरॅमिक कोटिंग केले, आणि त्या दोन दिवसांत हाताखालून जे गेले ते अजून मनातून जात नाही.

गाडी २०१४ सालची, गडद निळी. खानदेशातल्या उन्हाला आणि धुळीला हा रंग नको, असे सर्वांनी बजावले होते. जळगावात चौकशी केली तेव्हा कोटिंगचे पंचवीस हजार सांगण्यात आले. गाडीचे आजचे मोल पाहता ते म्हशीपेक्षा दावे महाग, असे झाले असते. म्हणून तीन हजारांची बाटली मागवली. बाटली केवढी, तर ३० मिलिलिटरची. कानात घालायच्या औषधाची असते तेवढी. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘९एच’. हा आकडा हिऱ्याच्या शेजारचा असावा, हा ग्राहकाचा समज विक्रेते सहसा दूर करीत नाहीत. प्रत्यक्षात तो पेन्सिलीचा आहे. निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठराविक दाबाने पृष्ठभागावरून ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत चरा उमटत नाही ते पाहायचे, अशी ही परीक्षा. बाभळीच्या काट्याला तिचे काही सोयरसुतक नसते. पण आयुष्यभर पुस्तकांच्या समासांत पेन्सिलीने टिपा करीत आलेल्या माणसाला हे माप आवडले, हे कबूल केले पाहिजे.

बाटलीतला द्रव सिलिकायुक्त असतो. हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून तो काचेसारखा घट्ट होतो. पण त्याची जाडी भरते एखाददुसरा मायक्रॉन. त्याच्या खाली कंपनीने दिलेला पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, तोही साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून बारीक. गाडीची सारी शोभा तेवढ्यात सामावलेली असते.

मात्र खरे काम लेपाचे नाहीच, त्याच्या आधीचे आहे. कल्हईवाला दारात आला की आई आधी भांडी चिंचेने घासायला बसायची. “मळावर कल्हई धरत नाही,” हे तिचे वाक्य. एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या कामात आहे, त्याने फोनवर हेच वेगळ्या शब्दांत सांगितले : “सर, कोटिंग शेवटी. आधी गाडी नीट उघडी करून घ्या.” आमचे घर रेल्वेमार्गाजवळ. मुंबई-भुसावळ गाड्यांच्या चाकांतून आणि ब्रेकांतून उडणारी लोखंडाची पूड वर्षानुवर्षे रंगात रुतून बसलेली. ती विरघळवणारे औषध फवारताच निळ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहू लागले. धुतलेल्या, स्वच्छ भासणाऱ्या गाडीत एवढे काही दडले होते, याचे मला नवल वाटले. मग साबणाच्या पाण्यासोबत क्ले फिरवायची, चिकट कण उचलायचे, आणि त्यानंतर पॉलिशचे यंत्र.

पॉलिशचे तत्त्व त्या दिवशी प्रथमच समजले. ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालची पातळी खाली आणून त्याला नाहीसे केले जाते. प्रत्येक फेरीला क्लिअर कोटचा अंश जातो. म्हणून एक साधी कसोटी : ओरखड्यावरून नख फिरवावे, नख अडकले तर त्याच्या नादी लागू नये.

बॉनेट झाले, उजवी बाजू झाली. संध्याकाळी डाव्या पुढच्या दाराशी आलो. सौ. टॉर्च धरून उभी होती. हँडलच्या खाली बारीक रेषांचे जाळे होते. मी यंत्र टेकवले, दोन फेऱ्या मारल्या, पुसून पाहिले. जाळे विरले होते. दोन खोल रेषा तेवढ्या उरल्या. तेव्हा सौ. म्हणाली, “हे आईंचे ना?”

आईचेच होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला जळगावला न्यावे लागे. सुमारे ५० किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. डाव्या हातात फिस्टुला केलेला, त्या हातात काहीही घालायचे नाही. म्हणून दोन्ही हातांच्या पाटल्या आणि चांदीचे कडे, सारे उजव्या हातात गोळा झाले होते. त्याच हाताने ती दार उघडायला जाई. बोटांत जोर नसे, हँडल निसटे, आणि पाटल्या पत्र्यावर घासत. एकदा रुग्णालयाच्या आवारात, भर उन्हात, मी तिला म्हणालो, “आई, तू हात नको लावू. ओरखडे पडतात. मी उघडतो.” आवाज चढा नव्हता, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. त्यानंतर ती दाराजवळ येऊन नुसती उभी राहायची, उजवा हात पदरात गुंडाळून. औषधे घेऊन, बिल भरून मी येईपर्यंत. २०२२ मध्ये ती गेली. म्हणजे दारावरच्या त्या रेषा माझ्या बोलण्याच्या आधीच्या होत्या. नंतरची एकही नव्हती.

पाठचिकित्सा शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, लेखनिकाची खाडाखोडही पोथीचा भाग असते. स्वच्छ प्रत करण्याच्या उत्साहात ती गमावू नये. त्या संध्याकाळी यंत्राचा पॅड हातात होता आणि त्यावर ते जाळे पांढरट भुकटी होऊन बसले होते. विद्यार्थ्याला फोन केला. म्हणाला, “बारीक पॉलिशपेपरने निघतील उरलेल्या. रिस्क आहे, पण निघतील.” मी नको म्हटले.

रात्री झोप लागेना, तेव्हा अजिंठा आठवत राहिला. आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांना नेतो. रंग टिकावेत म्हणून वर चढवलेल्या लेपाचे पुढे काय होते, हे तिथे भिंतीवर दिसते. जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून प्रतिकृती करवून घेतल्या, तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे निजामाने इटलीहून बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी १९२०-२२ च्या सुमारास सुटणारा गिलावा घट्ट बसवला आणि वर लाखेचा लेप दिला. गिलावा सावरला, हे त्यांचे श्रेय. पण लाख पिवळी पडली, काळवंडली, आणि पुढच्या पिढ्यांना ती उतरवत बसावे लागले. या माणसांना दोष देणे मला जमत नाही. त्यांच्या हेतूत खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेप. हा मुहूर्त सांभाळावा लागतो. चैत्र-वैशाखात आमच्याकडे थेंब पुसण्याआधीच वाळला असता; जानेवारीत कापसाचा हंगाम, जिनिंगचे तंतू हवेत, म्हणून पोर्चला जुन्या साड्यांचे पडदे लावले. अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने तेलाचा अंश पुसायचा. फडक्यावर चार-सहा थेंब, हात-दीड हाताचा तुकडा, आधी आडवे मग उभे हात. मिनिटाभरात पत्र्यावर ओल्या डांबरी रस्त्यावरच्या तेलासारखे इंद्रधनुषी रंग उमटतात. ते उमटले की पुसायचे. उशीर झाला तर तिथे काळपट डाग घट्ट होऊन बसतो. छपरावर माझा तसा एक बसला आहे.

डाव्या दाराला शेवटी हात घातला. लेप खाली असेल ते तसेच ठेवतो, निवड करीत नाही. त्या दोन रेषांवर रंग उमटले, मी पुसले.

कोटिंगचे म्हणाल तर धूळ चटकन निघते, चिमण्यांची घाण लगेच धुतली तर डाग राहत नाही. आमच्या बोअरचे पाणी मात्र जड. गोल थेंब मोत्यांसारखे उभे राहतात आणि तसेच वाळले तर पांढरी वर्तुळे सोडून जातात. म्हणजे पुसण्यातून सुटका नाही. आठवडाभर शाम्पू लावायचा नाही, हे पथ्य पाळले.

परवा मुलीला कॉलेजात सोडायचे होते. मी आत किल्ली शोधत होतो. बाहेर आलो तर ती डाव्या दाराशी उभी. उजव्या हातात आजीचे चांदीचे कडे. “बाबा, उघडू का?” तिने विचारले. हे तिला कुणी शिकवले, कुणास ठाऊक. मी म्हटले, “उघड की.”