मोस्ट बेस्ट

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मारेगावहून पुतणीचा व्हिडिओ कॉल येतो. विकांताचा हा नेमच झालाय आता. ती सहावीत आहे, आणि इंग्रजी अडलं की घरात हक्काचा एकच माणूस, पुण्याचा काका. या वेळचा प्रश्न होता, "काका, गुडचं गुडेस्ट काऊन नाही होत?"

आता काय सांगणार? टॉलचं टॉलेस्ट, हॉटचं हॉटेस्ट (टी दोनदा), इझीचा वाय जाऊन इझिएस्ट, ब्यूटिफुलसारख्या लांबलचक शब्दाला धक्का न लावता आधी मोस्ट. एवढं नियमात बसतं. गुड-बेटर-बेस्ट मात्र मुकाट्याने पाठ करायचं. तिनं केलं. मग वहीत वाक्य लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं: 'माय आबाजी इज द मोस्ट बेस्ट फार्मर इन मारेगाव.'

मी हसलो. आणि लगेच ओशाळलो.

कारण हे हसू मी स्वतः झेललंय. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हापिसात सगळ्या टीमला मेल टाकला होता की हा उपाय 'मोअर इझियर' आहे. एकाने रिप्लाय ऑल करून फक्त ते दोन शब्द आणि पुढे एक हसरा चेहरा पाठवला. बास. पुढचे सहा महिने मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही. उपाय बरोबर होता, पण तो नंतर मांडला दुसऱ्याने, चांगल्या इंग्रजीत, आणि कौतुकही त्याचंच झालं. असो.

चूक का होते हे मात्र पुष्कळ उशिरा कळलं. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. सोपं, त्यापेक्षा सोपं, सगळ्यात सोपं. शब्द तोच, राबतात ते 'पेक्षा' आणि 'सगळ्यात'. त्यामुळे आपल्या डोक्याला बाहेरून एक शब्द जोडल्याशिवाय चैनच पडत नाही. इझियरच्या पोटात मोअर आधीच आहे हे पटत नाही.

गंमत म्हणजे असा प्रत्यय आपल्याकडेही आहे. संस्कृतचा 'इष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ. इंग्रजीतला 'एस्ट' आणि हा इष्ठ एकाच मुळातून आले, असं भाषाशास्त्र सांगतं. संस्कृतातलं 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजीतलं 'स्वीटेस्ट' शेजारी ठेवून बघा, अख्खे शब्दच नात्यातले निघतात! पण मराठीत येईपर्यंत त्या इष्ठची धार गेली. स्वादिष्ट म्हणजे नुसतंच चविष्ट, आणि ज्येष्ठ नागरिक तर गल्लोगल्ली. मग काय, आपण वरून आणखी एक 'सर्व' लावतो. सर्वश्रेष्ठ. सर्वोत्तम. (उत्तममधला 'तम'ही तोच, सगळ्यात वरचा.) म्हणजे शुद्ध मोस्ट बेस्ट! पण हे सन्मानपत्रावर छापतात आणि कोणी हसत नाही.

इंग्रजही पूर्वी हसत नव्हते. शेक्सपिअरने 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी मोस्ट आणि एस्ट एकाच शब्दाला लावलेत. १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने व्याकरणाचं पुस्तक लिहिलं, त्यात असली दुहेरी रूपं अयोग्य ठरवली. सूट दिली फक्त देवाला. जुन्या स्तोत्रांतलं 'मोस्ट हायेस्ट' त्याला चाललं. आमचा मेल मात्र चालला नाही.

पुतणीला यातलं निम्मं सांगितलं. मोस्ट खोड म्हटलं. तर म्हणते, "पण नुसतं बेस्ट एवढंसं वाटते ना काका."

मग मी तिला सांगितलं की वाक्याचं खरं वजन मोस्टमध्ये नाहीच, ते शेवटच्या 'इन मारेगाव'मध्ये आहे. कोणात सगळ्यात चांगला, हे सांगितल्याशिवाय बेस्टला अर्थ नाही. मॅक्स काढायचा तर आधी यादी द्यावी लागते, हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांना कोणी वेगळं सांगायला नको. मीही तालुक्यात पहिला होतो. पुण्यात आलो, यादी बदलली.

इतक्यात मागून बाबांचा आवाज आला, "बेस्ट-गिस्ट नोको लिहू बाई. एफएक्यू लिही."

तिला कळलं नाही. मला कळलं. कापसाचा हमीभाव ज्या मालाला मिळतो त्याचं नाव एफएक्यू, फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. म्हणजे बरा, सरासरी. ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस गाडीत भरून खरेदी केंद्रावर न्यायचा, ग्रेडर मूठभर काढून बोटांनी धागा ओढून बघणार, आणि बाबा त्याच्या तोंडाकडे बघत उभे. लहानपणी मीही शेजारी उभा असायचो. एफएक्यू म्हटलं की बाबा खूश व्हायचे. घरी येताना पाव किलो जिलेबी.

"आबाजी, ते इंग्रजीच्या पुस्तकात नाही," पुतणीने सुनावलं. तिनं मोस्ट खोडलं. बेस्ट तसंच ठेवलं.