चालवायला कशी आहे

आमच्या घराण्यात गाडी घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न ती विकताना किती येतील हा. मग अ‍ॅव्हरेज, मग सर्व्हिस सेंटर जवळ आहे का. रंग पांढरा किंवा चंदेरी, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तोच आवडतो. म्हणजे पैसे आपण भरायचे आणि आवडीनिवडी सांभाळायच्या त्या कधीच न भेटलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या. चालवायला कशी आहे, हे विचारणारं एकच माणूस आमच्यात होतं. माझी आत्या. साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायची. लग्न केलं नव्हतं. २००० साली, ओळखीतले सगळे मारुती नाहीतर सँट्रो घेत असताना, तिनं मॅटिझ घेतली.

सँट्रो आणि मॅटिझ दोन्ही कोरियन, दोन्ही आपल्याकडे १९९८मध्ये पाठोपाठ आल्या. ह्युंदाईच्या सँट्रोकडे शाहरुख खान होता. देवूच्या मॅटिझकडे जुजारो होता, पण जाहिरातीत त्याचा काय उपयोग? जोर्जेतो जुजारो म्हणजे मोटारींना रूप देणारा इटलीतला फार मोठा माणूस. त्याच्या इटालडिझाइननं एक छोटी गाडी मुळात फियाटला डोळ्यांसमोर ठेवून केली होती. फियाटनं ती घेतली नाही, देवूनं घेतली, तिची मॅटिझ झाली. आत्या ही हकिकत येईल त्याला ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, "एका घरानं नाही म्हटलं म्हणून काय बिघडलं?" हे नेमकं कोणाला उद्देशून आहे, यावर माझी आई आणि काकू स्वयंपाकघरात बराच वेळ बोलायच्या.

घेण्याआधी तिनं दोन्ही चालवून बघितल्या. शोरूमचा पोरगा चौकापर्यंत जाऊन परत यायच्या बेतात होता. आत्यानं त्याला शेजारी बसवून कात्रजचा जुना घाट चढवला आणि उतरवला. निकाल असा, की सँट्रो बसायला बरी, मॅटिझ चालवायला बरी. सँट्रोचं टप उंच, साडी सावरत आत शिरायला सोपी, चार सिलिंडरचं इंजिन शांत. मॅटिझ तीन सिलिंडरची. तीन सिलिंडरमध्ये एकमेकांचे धक्के पुरते मिटत नाहीत, त्यामुळे गाडी सिग्नलला उभी असली की बारीक थरथर सीटमधून पाठीला लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती विरते आणि तिच्या जागी एक घोगरा सूर येतो. गिअर कधी बदलायचा ते त्या सुरावरून कळतं, काट्याकडे बघावं लागत नाही. मी गाडी शिकले ती अशी, कानानं. "आकडे बघू नकोस गं, ती काय म्हणतेय ते ऐक," हे तिचं पालुपद.

बावन्न हॉर्सपॉवर आणि आठशे किलोच्या आतलं वजन. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा झाला, पण येताना खंबाटकी चढावीच लागायची. पायथ्याशी ती एसी बंद करायची, कारण बावन्नांतला कॉम्प्रेसरचा वाटा चढाला लगेच जाणवतो. काच खाली, दुसरा गिअर, आणि ट्रकांच्या रांगेमागे न कंटाळता चढायची. वळणावर गाडी चांगली कलायची, मागे बसलेल्यांना भीती वाटायची. पण पुढची चाकं कुठे आहेत, त्यांच्याखाली खडी आहे की डांबर, हे स्टिअरिंगवरच्या बोटांना आधी कळायचं. "कोरियाचं इंजिन किती दिवस टिकणार?" असं पुण्याच्या काकांनी विचारलं, तेव्हा तिनं त्यांना वर्गातल्यासारखं समजावलं, की देवूनं पूर्वी सुझुकीच्या अल्टोवरून टिको नावाची गाडी केली होती, त्या टिकोच्या इंजिनातून मॅटिझचं इंजिन आलं. मारुती ८००चं ७९६ सीसी, मॅटिझचंही ७९६. "तुमच्या मारुतीचंच भावंड आहे ते." काकांना पटलं नाही. त्यांना पुस्तकात छापलेलंही पटत नाही.

गाडीच्या कप्प्यात एक वही असायची. डाव्या बाजूला पेट्रोलचा हिशेब आणि उजव्या बाजूला दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल शेरे. कोणाकडे नवी गाडी आली, की पेढा खाऊन ती किल्ली मागायची. लोक देत. लोकांनी ज्या घेतल्या नाहीत, किंवा घेऊन पस्तावले, त्या गाड्यांवर तिचा जास्त जीव. काकांकडे काही वर्षं मित्सुबिशी लॅन्सर होती. अँबॅसडरवाल्या हिंदुस्तान मोटर्सनं ती तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरला बनवायला घेतली होती. काका ती पेठेतून ऑफिसला न्यायचे, म्हणजे सगळा जन्म दुसऱ्या गिअरमध्ये. वहीत तिच्याबद्दल आहे: "बसणं खाली, पाय लांब. स्टिअरिंग जड पण खरं. तिसऱ्यात खंबाटकी सपाट. मालकाला पत्ता नाही." बलेनो अल्टुरा तिला एका सहकारी बाईंच्या मुलाकडे मिळाली. जुन्या बलेनोचीच, मागे लांब डिकी असलेली. असली गाडी आपल्याकडे कोणी घेत नाही, ती लोकांना अ‍ॅम्ब्युलन्स वाटते. "मागची चाकंही स्वतंत्र. यवतेश्वरच्या वळणांवर शेपूट वळवावं लागलं नाही, आपण होऊन आलं." ह्युंदाई गेट्झबद्दल फक्त, "दार लावताना आवाज ऐकावा. बाकी सँट्रोवाल्यांना ही का दिसली नाही?" हे शेरे कोणी मासिकात छापले असते तर मी ते मासिक लावलं असतं.

देवूचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, निदान ज्यांच्या दारात देवू उभी होती त्यांना. समूह कर्जात बुडाला, १९९९मध्ये संस्थापक किम वू-चूंग देश सोडून गेले, नोव्हेंबर २०००मध्ये देवू मोटरची दिवाळखोरी जाहीर झाली. २००२मध्ये जनरल मोटर्सनं कंपनीचा मोठा भाग घेतला, पण आपल्याकडचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. तो उत्तर प्रदेशात, सूरजपूरला. त्याच आवारात आधी डीसीएम-टोयोटाचे छोटे ट्रक बनत, म्हणजे जपान्यांनी सोडलेल्या घरात कोरियन राहायला आले आणि तेही गेले. दिवाळखोरी झाली तेव्हा आत्याची गाडी नवीकोरी म्हणण्यासारखी होती. नातेवाइकांना कोण आनंद झाला! काकांनी साताऱ्याला फोन करून बातमी वाचून दाखवली. "मला कुठे विकायचीय?" आत्या म्हणाली.

पुढची पंधराएक वर्षं ती गाडी पोवई नाक्याजवळच्या एका मिस्त्रींनी चालती ठेवली. ते तिला म्याटीज म्हणत आणि आत्याला मॅडम. पार्ट पुण्यात नाना पेठेत शोधायचे, नाही मिळाले तर ओळखीच्या ट्रकवाल्याकरवी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवायचे. रबराची एखादी नळी दुसऱ्याच गाडीची, कापून बसवलेली. २००७मध्ये शेवरोलेची स्पार्क आली, मॅटिझचीच पुढची पिढी, फक्त बोधचिन्ह अमेरिकन. पुढे ती तळेगावलाही बनायला लागली. आत्यानं ती चालवली आणि वहीत दोनच वाक्यं लिहिली, "चेहरा ओळखीचा. आवाज नाही." भारतातल्या स्पार्कला चार सिलिंडर होते.

मधुमेह तिला चाळिशीपासून होता. साखर ती मोजायची, पथ्य पाळायची, तरी पावलांची जाणीव जात राहिली. ती अशीच जाते, बोटांपासून वर. आधी चप्पल पायातून निसटलेली कळेना. मग एका दिवशी फळं घ्यायला गाडी उभी करताना तिनं इंजिन बंद पाडलं. अख्ख्या आयुष्यात मी तिला इंजिन बंद पाडताना पाहिलं नव्हतं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे जाऊन क्लच वर घेऊन आली, इतका वर, की तो धरतो कुठे ते पावलाला नाही तरी गुडघ्याला कळावं. त्यावर दोनेक वर्षं निघाली. तोपर्यंत बिनक्लचच्या सेलेरियोचा बोलबाला झाला होता. मीच तिला शोरूमला नेलं. गिअर बदलताना ती गाडी जरा अडखळते आणि प्रवाशाची मान पुढे जाते. "साहेबांपुढच्या कारकुनासारखी मान हलते आपली," म्हणाली आणि किल्ली परत दिली.

त्यानंतरचे शेरे "डावीकडून" असं लिहून सुरू होतात. चुलतभावानं देवदर्शनासाठी निसान एव्हालिया भाड्यानं आणली होती, सरकत्या दारांची, फारशी न खपलेली. "डावीकडून: अंग मोठं, चाल लहान गाडीची. ड्रायव्हर उगीच घाबरतो. मी असते तर नव्वदनं नेली असती." अक्षर हललेलं आहे, पण गाडी चालू होती म्हणून, असं मी धरून चालते. मी मॅटिझ चालवायचे तेव्हा ती डावीकडे बसून डोळे मिटायची. तिसऱ्याऐवजी चौथ्यात चढवायला गेले, की डोळे न उघडता हाताची तीन बोटं वर.

ती २०१८च्या पावसाळ्यात गेली, किडन्या निकामी होऊन. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये किम वू-चूंग वारल्याची बातमी आतल्या पानावर आली आणि माझा हात फोनकडे गेला. तिला कळवायला. असं आईच्या बाबतीत झालं नाही, बाबांच्या बाबतीत झालं नाही. त्यांच्याशी बोलायच्या गोष्टी मी दुसऱ्या कोणाशीही बोलू शकते. देवूच्या मालकाच्या मरणाबद्दल साताऱ्यात दुसऱ्या कोणाला फोन करणार? तळेगावचा कारखाना जनरल मोटर्सनं २०२०च्या अखेरीस बंद केला आणि २०२३मध्ये तो घ्यायचा करार ह्युंदाईनं केला, म्हणजे मॅटिझच्या वंशाचं आपल्याकडचं शेवटचं घर सँट्रोवाल्यांकडे गेलं. यावर तिनं काय म्हटलं असतं, ते मला जुळवता येत नाही. प्रयत्न केला तर माझंच वाक्य तिच्या तोंडी जातं.

गाडीची १५ वर्षं भरल्यावर आरटीओत नेऊन तिनं पुन्हा नोंदणी करून घेतली होती, त्यामुळे ती कागदोपत्री जिवंत होती. भंगारवाला वजनावर दर सांगून गेला. मग मिस्त्रींनी कऱ्हाडच्या एका माणसाचा निरोप आणला. त्याच्याकडे एक मॅटिझ चालू होती आणि त्याला दुसरी हवी होती, पार्टसाठी की चालवायला, ते त्याचंही ठरलं नव्हतं. वारसाचा फॉर्म ३१ भरून गाडी आधी माझ्या नावावर झाली, त्यात दोन महिने गेले. तो माणूस रविवारी आला, टायरला लाथ मारली नाही, बॉनेटही उघडलं नाही. किल्ली घेऊन यवतेश्वराकडे गेला आणि अर्ध्या तासानं परत आला.

"इंजिन फस्क्लास आहे हो," म्हणाला. "क्लच फार वर घेतलाय पण. खाली घेतो."

"घ्या की," मी म्हटलं, आणि फॉर्म २९ आणि ३० त्याच्यापुढे सरकवले.