फ्रिजमधली डबी

आमच्या घरांत पाकी-नापाकीचा विचार लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. त्यामुळे गेल्या महिन्यात अम्मीच्या लघवीच्या नमुन्याची डबी मी फ्रिजमध्ये ठेवू लागले, तेव्हा तीच आधी ओरडली, "अगं बेटी, सालन ठेवतो तिथं हे?"

तिला चार दिवस जळजळ आणि ताप होता. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं होतं. आमच्या तालुक्यात ते होत नाही. नमुना जिल्ह्याला जातो, आणि गाडी निघते दुपारी. नमुना मात्र सकाळी सातला घेतलेला.

लघवी डबीत आली तरी तिच्यातले जंतू वाढतच राहतात. ई. कोलाय हा नेहमी सापडणारा जंतू पोषक वातावरणात सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत 64 पट. खोलीत वेग कमी पडतो, पण वाढ थांबत नाही. लॅब तर मोजूनच ठरवते: एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा जास्त जंतू निघाले की सहसा संसर्ग धरतात. कातडीवरून आलेले थोडेसे जंतूही पडून राहिलेल्या डबीत तिथवर पोचू शकतात. मग गरज नसताना अँटिबायोटिक सुरू होतं, किंवा सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

म्हणून नमुना दोन तासांत पोचणार नसेल तर तो 2 ते 8 अंशांत ठेवायचा. तिथं तो 24 तास चालतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही. फ्रिज नसेल तर लॅबकडून बोरिक अ‍ॅसिडची डबी मागायची. तिच्यातली पावडर टाकून द्यायची नाही आणि डबी खुणेपर्यंत भरायची. कमी भरली तर अ‍ॅसिड जास्त होऊन जंतू मरू शकतात, आणि आजार असून रिपोर्ट कोरा येतो. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घ्यायचा आणि डबीवर वेळ लिहायची.

अम्मीला मी एवढंच सांगितलं: नापाकी ओल लागली तर लागते. झाकण घट्ट आहे, वर दोन पिशव्या आहेत, सालनला काही होत नाही. ती गप्प झाली.

पण पाकीपेक्षा मोठी अडचण शरमेची आहे. कितीतरी बायका डबी पर्समध्ये लपवून तासन् तास फिरतात, कारण काउंटरवरच्या मुलाला "गाडी किती वाजता जाते?" एवढं विचारायला लाजतात. हजरत उम्मे सुलैम यांनी गुस्लचा नाजूक प्रश्न थेट पैगंबरांना (स.) विचारला होता. आपल्याला तर फक्त गाडीची वेळ विचारायची आहे.