धागा तुटायचे दिवस

भिवंडीला थंडी पडते म्हटलं तर नाशिककर हसतील. मुंबईतसुद्धा सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२चा. भिवंडी ठाण्याहून वसई खाडीपलीकडे, समुद्रापासून जरा आत, म्हणून इथली पहाट मुंबईपेक्षा थोडी बोचरी, इतकंच. तरीही संक्रांत ते होळी हे दिवस यंत्रमागावर काम करणारा माणूस विसरत नाही, आणि त्याचं कारण स्वेटर नाही. कामतघरात वऱ्हाळा तलावाजवळ लहानाचे मोठे झालेल्या आम्हा पोरांनाही ऋतू पालटल्याचं कळायचं ते मागांच्या आवाजावरून. एरवी गल्लीत एकसारखी चालणारी खटखट माघात अडखळायला लागायची.

सुती धाग्याला ओलावा लागतो. हवा दमट असली की त्याची ताकद वाढते, कोरडी झाली की तो ठिसूळ होतो. मुंबईच्या किनाऱ्यावर गिरण्या फोफावल्या त्यामागे ही दमट हवाही होती. तिकडे लँकेशायरचे मालक विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. ती इतकी, की कामगारांच्या प्रकृतीसाठी १८८९ साली ब्रिटिश संसदेला कायदा करून तिच्यावर मर्यादा घालावी लागली. भिवंडीला कौतुकानं मँचेस्टर म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. आपल्याकडे ते काम पावसाळाभर आभाळ फुकट करतं. माघ-फाल्गुनात मात्र जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा सुटतो आणि सगळा ओलावा पळवतो.

शेजारच्या कारखान्यात आझमगढकडचे एक चाचा होते. त्यांचा दिवस या वाऱ्याच्या तालावर चाले. पहाटे दव असतं, तोवर माग सुरळीत. ऊन वर चढलं की दहा-अकरापासून ताण्याच्या तारा पटापट जाऊ लागत. साध्या धोट्याच्या मागावर तार तुटली तरी माग आपणहून थांबेलच असं नाही, नजर हवी. चाचा माग थांबवत, वाकत, फणीतून तार ओवत, गाठ मारत आणि पुन्हा सुरू करत. तेवढ्यात पलीकडच्या मागावर दुसरी गेलेली. एकेकाकडे चार-सहा माग, मजुरी कापडाच्या मीटरवर. थांबलेल्या मागाचा पैसा कोण देणार?

उपाय घरगुतीच. जमिनीवर पाणी मारायचं, खिडकीला ओली गोणपाटं टांगायची, पंखा बंद ठेवायचा. "पंखा धागे का दुश्मन है," चाचा म्हणायचे. मग सकाळच्या गारठ्यात ओल्या फरशीवर अनवाणी पाय, आणि दुपारी त्याच बंद शेडमध्ये घामाच्या धारा. मालक इकडे सायझिंगवाल्याशी भांडत असायचा, ताण्याला खळ कमी लावलीस म्हणून. खळ कधी खरंच कमी असेलही, पण बऱ्याचदा गुन्हेगार वाराच असावा असं मला वाटतं. दुपारी दोन-तीनच्या सुमारास वसई खाडीच्या बाजूनं समुद्रवारा आत शिरला की चाचा दारात येऊन बिडी पेटवत. "आ गयी हवा." तेवढीच विश्रांती, पाळी बारा तासांची.

 

कामतघर-पद्मानगरात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पुष्कळ. माघ शुद्ध तृतीयेला, म्हणजे वसंत पंचमीच्या दोनच दिवस आधी, त्यांची मार्कंडेय जयंती येते. विणकरांचा सण नेमका धागा तुटायच्या दिवसांत यावा, ही गंमतच. शहराबाहेर आगरी गावांत हेच हवामान लाभाचं असे. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर कडवा वाल येई. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या शिवारांत गोदामं उभी आहेत, आणि शेकोटी करतात ते माल उतरायची वाट बघणारे ट्रकचालक. सुट्टीला एसटी पकडून वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांवर जायची रीत मात्र टिकून आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी बांधवलेलं देवीचं देऊळ तिथलंच.

आता पुष्कळ मागांवर पॉलिस्टर चालतं. त्याची ताकद कोरड्या हवेत घटत नाही, पण त्यात स्थिर वीज साचते आणि तारा एकमेकींना चिकटतात. म्हणजे त्रास बदलला, महिना तोच.

हवामान खातं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता रोज नोंदवतं. वर्तमानपत्रं ठळक छापतात तो किमान पारा. भिवंडीत तरी आर्द्रतेचा आकडा कारखान्याच्या दारावर लागला पाहिजे, आणि मीटरमागची मजुरी ठरवताना माघ-फाल्गुन या दोन महिन्यांचा दर वेगळा धरला पाहिजे. मालक आणि कामगार संघटनांनी पुढचा माघ यायच्या आत एवढं तरी एकत्र बसून ठरवावं.