कादंबरी, पीएल आणि शिलाई मशीन

सेकंड इयरच्या पीएलमध्ये शहाणी मुलं काय करतात? अभ्यास. बाकीची काय करतात? अभ्यासाचं टाइमटेबल. आम्ही पडलो तिसऱ्याच प्रकारातले. एम-थ्रीचं पुस्तक समोर उघडं ठेवून आम्ही चक्क कादंबरी लिहायला घेतली!

झालं असं, की भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' 1963 साली जेमतेम पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली, हे कुठंतरी वाचलं. तेव्हा त्यांचं वय 25. पुढं हेच नेमाडे आपल्याच गावातल्या विद्यापीठात शिकवत होते. मग काय, इंजिनिअरचं डोकं! तीनशे पानं, रोजची वीस, म्हणजे पंधरा दिवस. पीएल एकवीस दिवसांची. उरलेल्या सहा दिवसांत एम-थ्री! गुलमंडीवरून दोनशे पानी दोन रजिस्टरं आणली आणि रूम पार्टनरला सांगून टाकलं, "डिस्टर्ब करू नको."

नायक पुण्यातल्या आयटी कंपनीत. त्याला फ्लॅट दिला, बाल्कनी दिली, पाऊस दिला, एक मैत्रीणसुद्धा दिली. सदतिसाव्या पानावर दोघं कॉफी प्यायला बसले, ते आजतागायत बसलेलेच आहेत! कारण ते पुढं काय बोलतील हे मला माहीतच नव्हतं. आयटी कंपनी मी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नव्हती. रिझल्ट लागला तेव्हा एम-थ्रीही गेला. म्हणजे कादंबरीही नाही आणि क्रेडिटही नाही.

गणित कुठं चुकलं ते नंतर कळलं. मी 'कोसला'चे पंधरा दिवस मोजले, त्याआधीची पंचवीस वर्षं मोजलीच नाहीत. खानदेशातलं सांगवी, तिथून शिकायला पुणं, हे सगळं त्या माणसानं आधी जगून घेतलेलं होतं. आणि त्याच नेमाडे यांची 'झूल' आली 1979 मध्ये आणि 'हिंदू' 2010 मध्ये. मधे 31 वर्षं! आता सांगा, कादंबरी लिहायला किती दिवस लागतात? या प्रश्नाला फॉर्म्युला नाही मित्रांनो.

एम-थ्रीच्या दुसऱ्या अटेम्प्टच्या वेळी लायब्ररीत रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' हाती लागली. 1971 ची, बारकीशी कादंबरी. बोराडे सर लातूरकडचे, पण पुढं इथंच देवगिरी कॉलेजात प्राचार्य होते आणि 2025 मध्ये याच शहरात गेले. उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि पाय जड झाले. गोष्ट एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची, त्या घराच्या वाताहतीची. सांगतेय शिंप्याची बायको, आपल्या मराठवाडी बोलीत.

आता एक गोष्ट सांगतो, जी वर्गात कुणाला माहीत नाही. माझे अण्णाही टेलर होते. गावात एस.टी. स्टँडसमोर दुकान होतं. रेडिमेड कपडे आले, गिऱ्हाईक तालुक्याला जायला लागलं, आणि मी सातवीत असताना दुकान बंद झालं. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' लिहीत आलोय. शेती आहे दीड एकर. माझ्या नायकाला फ्लॅट का द्यावा लागला, ते त्या रात्री समजलं. मला जे माहीत होतं तेच मी लपवत होतो.

आणि बोराडे सरांनी शिंप्याला नाही, त्याच्या बायकोला बोलायला लावलं. म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर मी अण्णांना नाही, आईला विचारलं, "मशीन विकली त्या दिवशी काय झालं होतं?" मला फक्त टेम्पो आठवत होता. आई भाकरी थापत होती. खूप वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आदल्या रातीला तेल घालत बसले होते. म्या म्हणलं, इकायची तर कशाला? तर म्हणले, उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, खडखड करायला नको."

तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "पण तू हे कशाला इचारतो रे? लिहिणार हायस का काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कादंबरीला काय लागतं? वेळ लागतो, बैठक लागते, वाचन लागतं, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण घरातल्या माणसाला असं काहीतरी विचारावं लागतं, जे सात-आठ वर्षं कुणीच विचारलेलं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ऐकल्यावर ते लिहायचा आपल्याला हक्क आहे का, याचंही उत्तर द्यावं लागतं.

दुसरं रजिस्टर कोरंच होतं. त्यात आत्तापर्यंत अकरा पानं झालीत. रोज वीस वगैरे काही नाही, कधी चार ओळी, कधी नुसती खाडाखोड. एम-थ्री सुटला, हे ता. क.

अण्णांना अजून काही दाखवलेलं नाही. दिवाळीत ती पानं घेऊन जाणार आहे. त्यांनी फाडून टाक म्हटलं तर फाडावी लागतील, हेही धरून चाललोय. पण त्याआधी एक विचारायचंय, त्या रात्री मशीनला तेल कुठलं घातलं होतं? तेवढी जागा मी कोरी सोडलीय.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल